चुलीच्या दगडांचं गाव आणि आमच्या आक्का

श्रीमती भागीरथी शेलार, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या आक्का, यांची आणि माझी पहिली ओळख त्यांनी माझा कान पिरगाळला तेव्हा झाली. गौरवग्रंथात पहिल्या भेटीबद्दल आदरानं लिहायचं असतं, असं संपादक सरांनी मला बजावलं आहे. आदर आहेच. पण कान दुखला होता हेही खरं आहे.

वसाहतीच्या मागच्या गायरानात आम्ही पोरं क्रिकेट खेळत होतो. तिथं काळ्या मातीत ओळीनं मांडलेले दगड होते. एका अंगानं काजळी धरलेले, दुसऱ्या अंगानं भाजून तांबूस झालेले. त्यातल्या एकाला आम्ही स्टंप केलं होतं आणि मी त्याच्यावर एक पाय ठेवून बॅटिंगची वाट बघत उभा होतो. आक्का शेळी चारायला आल्या होत्या.

"कुणाचा रं तू?"

मी सांगितलं.

"आन् ह्ये कुणाचं घर हाय?"

"घर कुठाय? दगड आहे," मी म्हणालो.

त्यावर कान. "ह्ये धोंडूबाचं घर हाय. लोकाच्या घरात चपला घालून शिरत्यात व्हय रं? काढ आधी."

मी चपला काढल्या. मग त्यांनी तोच कान धरून मला पुढं नेलं, चार-पाच दगड ओलांडून एका बुटक्या दगडापाशी थांबवलं आणि म्हणाल्या, "ह्ये तुझ्या आज्ज्याचं. आता घरला आलास. बस." मी बसलो. खाली तापलेली माती होती, वर उघडं आभाळ होतं, आणि मला उगाचच वाटलं की सावलीला बसलोय. आक्कांशी माझी ओळख ती एवढी. पुढचं सगळं त्यातूनच निघालं, माझ्या रागासकट.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आंबेखोल हे साताऱ्याच्या डोंगरातलं वीस-बावीस उंबऱ्यांचं गाव होतं. वरली आळी, खालची आळी, मधून झऱ्याकडं उतरणारी पायवाट. उतारावर नाचणी आणि वरी, ओढ्याच्या कडेनं थोडा भात. धरण झालं, पाणी चढलं, आणि आमच्या माणसांना ट्रकात घालून सांगली जिल्ह्यात, पलूसच्या बाजूला, ह्या सपाट रानात आणून सोडलं. सर म्हणाले, 'पुनर्वसन झालं' असं लिही. मी त्या ट्रकात नव्हतो, माझा जन्म इथलाच. तरी मी 'आणून सोडलं' असंच लिहिणार. जनावराबद्दल आपण असंच बोलतो, आणि आक्कांच्या तोंडून जे ऐकलंय त्याला मला दुसरा शब्द सापडत नाही.

निघायच्या दिवशी पुरुष माणसं वासे, दारं, पत्रे, कणग्या ट्रकात चढवत होती. साहेब लोक घाई करत होते. आक्का तेव्हा तिशीपलीकडच्या असतील. त्यांनी चुलीवरचं आदण खाली उतरवलं, चुलीचा एक दगड उपटला आणि गोणपाटात गुंडाळला. दगड अजून गरम होता. मग त्या घरोघरी फिरल्या आणि बायकांना म्हणाल्या, एक एक दगड घ्या. पुरुष हसले. "तिकडं काय दगड मिळत न्हाईत?" असं माझे आजोबाच म्हणाले होते म्हणे. धोंडूबा एकटे होते, बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. ते म्हणाले, मला काही न्यायचं नाही. आक्कांनी त्यांच्या चुलीचाही दगड काढला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून आणला. धोंडूबा इथं आल्यावर पहिल्याच वर्षात वारले. दगड राहिला.

इथं आल्यावर आजोबांना कळलं की तिकडं खरंच दगड मिळत नाहीत. काळी माती. कितीही खणा, कुदळीला खण् असं काही लागत नाही.

घरांच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या. सख्खे भाऊ दोन टोकांना गेले. ज्या दोघींचं भांडण म्हणून आंबेखोलात मधे बांध घातला होता, त्या दोघींची भिंत एक झाली. आक्का त्या चिठ्ठीवाल्या साहेबांना म्हणाल्या होत्या, "आवं सायब, घरं वाटा चिठ्ठीनं. शेजार कसा वाटताय?" साहेबांनी पुढची चिठ्ठी उघडली. मग आक्कांनी गायरानात जाऊन सगळ्यांचे दगड मागून घेतले आणि आंबेखोल होतं तसं मांडलं. वरली आळी वर, खालची आळी खाली, मधे पायवाट. सपाट जमिनीत वर-खाली कसलं, पण आक्का म्हणाल्या हे वर, म्हणून ते वर.

आता कार्याबद्दल. आक्कांच्या कार्याची सुरुवात फजितीनं झाली आणि ती त्या स्वतःच सांगतात. पहिल्या पावसाआधी आमच्या माणसांनी इथं राब भाजला. डोंगरात नाचणीचं रोप टाकायच्या आधी त्या तुकड्यावर काटक्या, पाला, शेण पसरून पेटवायची रीत आहे. इथं कुणाला विचारणार? आक्कांनी पुढाकार घेऊन वसाहतीच्या वाट्याच्या पहिल्याच रानात काड्या रचल्या आणि काडी ओढली. शेजारी थोरल्या गावाचा ऊस. वसाहत ज्यांच्या शिवारात वसवली त्या गावाला आम्ही थोरलं गाव म्हणतो. थोरल्या गावाची माणसं घागरी, बादल्या, फवारणीचे पंप घेऊन धावत आली. त्यांना वाटलं, धरणवाल्यांनी डूख धरून ऊस पेटवला. मारामारी थोडक्यात टळली. पुढं पाऊस लागला, त्या भाजलेल्या काळ्या रानात पाणी साचलं आणि नाचणीचं रोप कुजून गेलं. तेव्हापासून आम्हाला नाव पडलं, रानजाळे. मी शाळेत असताना मास्तरही हजेरीला हसत विचारायचे, "काय रानजाळे, यंदा कुठलं जाळणार?" वर्ग हसायचा. मी त्या मास्तरांच्या स्कूटरची हवा सोडली होती, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आक्का मात्र ती गोष्ट सांगताना पोट धरून हसतात. "सगळ्यांत पुढं पळत आला त्यो शाम्या गडी, आन् घागर रिकामीच की रं त्याची." दुसऱ्या वर्षी त्या थोरल्या गावात जाऊन म्हणाल्या, मला ऊस लावायला शिकवा. लोकांच्या रानात लावणीला गेल्या, डोळा वर ठेवून कांडी कशी दाबायची ते बघितलं आणि येऊन आमच्या बायकांना शिकवलं. ज्यांनी हसून नाव ठेवलं त्यांच्याकडूनच शिकल्या. मला हे जमलं नसतं. मी अजून त्या मास्तरांना नमस्कार करत नाही.

पण आक्कांचं मुख्य काम ते नाही. मुख्य काम म्हणजे गाव दाखवणं. आंबेखोलात नवी सून आली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या डोक्यावर घागर द्यायची आणि गावातल्या थोरल्या बाईनं तिला घर-घर फिरवून झऱ्यावर न्यायचं. प्रत्येक दारात थांबायचं. हे कुणाचं, ते तुझे कोण, ह्यांना काय म्हणून हाक मारायची, ह्यांच्याकडे वेळेला काय मागायचं, आणि ह्यांच्याकडे काय मागायचं नाही. मग झऱ्याचं पाणी भरून घरी. ते पाणी घरात आलं म्हणजे सून गावची झाली. इथं झरा नाही. आक्कांनी दगडांमधून सुना फिरवल्या आणि कोपऱ्यावरच्या नळाला झरा म्हटलं. वसाहतीत आलेली एकही सून त्यांनी सोडलेली नाही. कुणी पुण्यात नोकरीला होती, कुणी जीन्स घालून आली, कुणी मोबाईलवर बोलत बोलत चालली. एकीनं म्हटलं, "आक्का, इथं तर काहीच नाहीये."

"न्हाई तर न्हाई," आक्का म्हणाल्या. "मी सांगतीया त्ये ऐक, आन् मोडक्या पायरीवरनं जपून उतर."

ती बिचारी सपाट जमिनीवर जपून उतरली.

आमच्या शेजारच्या वहिनी लोणंदच्या. लग्न झालं आणि महिन्याभरात दादा सैन्यातल्या सुट्टीवरून परत सीमेवर गेले. घरात सासू नाही, सासरे कानानं कमी. मी एकदा त्यांना विचारलं, तुम्ही एकट्या कशा राहिलात? वहिनी म्हणाल्या, "आक्कांनी दगड दाखवले होते ना. कुणाच्या दारात जाऊन रडायचं ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं." त्यांचं रडून झाल्यावर परत निघताना हातात नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी देणारं दार आक्कांचंच होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. मला ठाऊक आहे, कारण डबा परत द्यायला मला पाठवायच्या.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. आंबेखोलाचं मी जेवढं कौतुक करतो तेवढं आक्का करत नाहीत. मी हा लेख त्यांना वाचून दाखवला. शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, "जळवांचं न्हाई लिव्हलंस."

"कसल्या जळवा?"

"पावसात पायाला जळवा डसायच्या. आन् माझी जाऊ बाळातपणात डोलीतच गेली, दवाखाना दोन डोंगर पल्याड. त्ये लिव्ह. गाव लय ग्वाड हुतं आसं लिव्हशील तर लोकास्नी वाटंल म्हातारी खोटं सांगती, बरं झालं बुडालं."

म्हणून लिहिलं. गावात जळवा होत्या. गावात दवाखाना नव्हता. ह्याचा अर्थ ते बुडवायला हरकत नव्हती असा होत नाही, हे वाक्य माझं आहे.

आता माझ्या शिक्षणाबद्दल, कारण लेखकाचा परिचय द्या असं समितीनं सांगितलंय. मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. इतिहासाच्या तासाला प्रकल्प दिला होता, आपल्या गावाचा इतिहास. मी आंबेखोलावर लिहिलं. आळ्या, झरा, राब, गाव दाखवणं, सगळं. इतिहासाच्या सरांनी वही परत केली. म्हणाले, "तुझा पत्ता थोरल्या गावाचा आहे, त्यावर लिही. हे गाव नकाशात नाही." मी म्हणालो, "नकाशात नाही म्हणूनच लिहिलंय." शब्दाला शब्द वाढला. मी बाकावर हात आपटला, दरवाजा आपटला, आणि परत गेलो नाही. घरी सगळे ओरडले. मला वाटलं आक्का तरी पाठीवर हात ठेवतील. त्यांनी माझ्याशी बोलणंच बंद केलं. शेवटी मीच गेलो, तेव्हा गोठ्यात शेण भरता भरता म्हणाल्या, "माझ्या दगडांपायी कालेज सोडलंस आसं कुठं बोललास तर ध्यानात ठिव. राग तुझा, नाव माझं? दुसरं कारण शोध जा." माझ्याकडे दुसरं कारण नव्हतं. अजून नाही.

आणि एक गोष्ट आहे जी लिहू नये असं संपादक सरांचं मत आहे. थोरल्या गावात एक मुलगी आहे. नाव लिहीत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे, ज्याला नाही त्याला माझ्याकडून कळायचं कारण नाही. ती एकदा गायरानात आली होती, मैत्रिणीच्या घरी जायची वाट चुकून. विचारलं, हे दगड कसले? मी म्हणालो, घरं आहेत. इतरांसारखी ती हसली नाही. तिनं आधी खाली बघितलं, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि म्हणाली, "अय्या, मग मी कुणाच्या घरात उभी आहे?" ती धोंडूबांच्या घरात उभी होती. त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष नाही.

मी तिच्या वडिलांकडे गेलो. सरळ गेलो, कुणाला मध्ये न घालता. तेव्हा मला वाटलं होतं सरळपणाला किंमत असते.

"गाव कुठलं तुमचं?" त्यांनी विचारलं. ते मला लहानपणापासून ओळखतात.

"आंबेखोल."

"कुठं आलं त्ये?"

"धरणात."

"मग पोरगी धरणात देऊ व्हय?"

ओसरीवर बसलेले दोघे-तिघे हसले. मी उठलो. बाहेर येताना पायरीवरचा पाण्याचा तांब्या पायानं उडवला. हे आक्कांना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तांब्यानं काय केलं हुतं?"

आता गायरानातल्या त्या सकाळबद्दल लिहितो. हे लिहायचं म्हणूनच मी लेखाला हो म्हटलं.

गायरानावर बहुउद्देशीय हॉल बांधायचं ठरलं. थोरल्या गावाच्या पुढाऱ्यांनी ठरवलं आणि आमच्या वसाहतीतल्या मोठ्यांनी माना डोलावल्या. लग्नाला जागा होईल, पावसात बारसं अडणार नाही, हे सगळं बरोबर. पण एवढ्या शिवारात हॉलला दुसरी जागा नव्हती? मी विचारलं. मला उत्तर मिळालं, "दगडांसाठी हॉल अडवायचा का?" आणि हे उत्तर देणारा थोरल्या गावचा नव्हता. त्याच्या आईचा दगड तिसऱ्या ओळीत होता. मला थोरल्या गावाचा जेवढा राग नाही तेवढा आपल्या माणसांचा आहे. एकदा ट्रकात बसवलं तेव्हा तुम्ही लहान होता, नाहीतर गरीब होता. ह्या वेळी कुणी बसवलं तुम्हाला?

सकाळी जेसीबी आला. मी जाऊन त्याच्या पुढ्यात आडवा झालो. ड्रायव्हर माझ्याच वयाचा. खाली उतरून म्हणाला, "दादा, उठा की. मला दुपारी दुसऱ्या साईटवर जायचंय." मी म्हणालो, माझ्या अंगावरून ने. तो डोकं खाजवत उभा राहिला. तेवढ्यात आक्का पदर खोचून आल्या. मला वाटलं, आता बघा. आक्का माझ्याकडे न बघता ड्रायव्हरला म्हणाल्या, "लेकरा, न्ह्यारी केलीस का?"

"न्हाई आजी."

"मग कर जा. आमच्या सुनंनं भाकरी केल्यात. तंवर आमी आवरतो."

"काय आवरताय?"

"गाव."

मग मला म्हणाल्या, "ऊठ. पाठीला माती लागली."

"आक्का, हलायचं नाही. तुम्ही पण बसा इथं, सगळे बसतील."

"कोन बसंल? बघ मागं." मागं बायका होत्या, दोन-चार म्हातारी माणसं होती. पुरुष हॉलच्या बाजूचे. "त्या येळंला घाईनं हलवलं आमास्नी. चुलीवरचं आदण उतरवलं आन् निघालो, कोन कुठल्या टरकात बसला त्येबी बघितलं न्हाई. माझी सासू खालच्या आळीच्या लोकात बसून आली, वाटंभर रडत. ह्या बारीला माझ्या पद्धतीनं निघायचं. वरल्या आळीपासनं."

आणि त्या वरल्या आळीच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. एकेका घराचं नाव मोठ्यानं घेतलं. ज्या घराचं नाव घेतलं त्या घरची बाई पुढं यायची, दगडाला हात लावून नमस्कार करायची, उचलायची आणि पायवाटेनं खाली जायची. दगडांवरून उडी मारून नाही, पायवाटेनंच. ज्यांची माणसं शिरवळला कंपनीत होती त्यांच्या सुना आल्या. लोणंदच्या वहिनी आल्या. ज्या पोरीला इथं काहीच दिसत नव्हतं ती पण आली, आणि मोडकी पायरी आली तशी पाय जपून टाकला. ड्रायव्हर भाकरी हातात घेऊन बघत होता. मधेच पुढारी गाडीतून उतरले. "आजी, किती वेळ अजून?"

"गाव बसायला पिढ्या गेल्या, आवं," आक्का म्हणाल्या. "उठायला एक सकाळ तरी लागंल का न्हाई?"

ते परत गाडीत जाऊन बसले. काच वर केली.

शेवटी एक दगड राहिला. आक्कांनी नाव घेतलं, "धोंडूबा." कुणी येणार नव्हतंच. आक्कांनी परत नाव घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मी त्यांच्या घरातला नाही," मी म्हणालो.

"कोनच न्हाई. उचल."

मी चपला काढून तो दगड उचलला. दिसतो त्यापेक्षा जड आहे. तेव्हापासून तो माझ्या घरी, दाराच्या आत आहे.

मी आक्कांशी ह्यावरून भांडलो आहे आणि गौरवग्रंथात सुद्धा भांडतो. माझ्या मते आपण हलायला नको होतं. जेसीबी थांबला असता, पेपरवाले आले असते. आक्का म्हणतात, "आन् मग? दगड ऱ्हायलं आस्तं, आन् तू पोलिसात." मला अजून पटलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी त्यांना त्या रिकाम्या जागेवर बघितलं. दगडांच्या जागी मातीत खळगे राहिले होते, त्यांच्या ओळी तशाच. आक्का प्रत्येक खळग्यापाशी थांबत होत्या. रडत नव्हत्या. शेळीवर ओरडत होत्या, काही कारण नसताना, बराच वेळ. मी पुढं गेलो नाही. त्यांनाही राग येतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि तो त्या कुणाच्या तांब्यावर काढत नाहीत, हेही.

हॉल झाला. आता आक्कांना पंचाहत्तरावं लागलं म्हणून समितीनं सत्कार ठरवला. ठिकाण, तोच हॉल. प्रमुख पाहुणे, तेच पुढारी. माझं डोकं फिरलं. मी बैठकीत म्हणालो, ज्यांनी गाव उचलायला लावलं त्यांच्या हातची शाल? म्हणजे वरून पांघरूण घालायचं? मला बसायला सांगितलं. सगळे मिळून आक्कांकडे विचारायला गेले. मीही गेलो, कारण मला त्यांचा नकार माझ्या कानांनी ऐकायचा होता.

आक्कांनी विचारलं, "हालमदीच करायचा म्हंता?"

"हो आक्का."

"शाल त्येच घालनार?"

"हो."

"घालू द्या. थंडी कुठं हाय, पण घालू द्या. माझी एक अट हाय. त्या दिशी खुर्च्या मागं लावायच्या. आधी समद्यांनी आपापला दगड आणायचा आन् मी सांगंन तसा फरशीवर मांडायचा. मग मी एकीला गाव दाखवनार. मग सत्कार. आन् दारात सगळ्यांनी पायातलं काढायचं. पावन्यांनी बी."

समितीवाल्यांनी अट वहीत लिहून घेतली. पाहुण्यांना कळवलं तेव्हा ते म्हणाले म्हणे, "छान आहे, पारंपरिक कार्यक्रम होईल." त्यांना कळलेलं नाही. ज्या हॉलच्या कोनशिलेवर त्यांचं नाव कोरलेलं आहे त्याच हॉलच्या फरशीवर ते अनवाणी उभे राहणार आहेत, आणि कुणाच्या घरात उभे आहेत ते त्यांना सांगितलं जाणार आहे. हॉल सरकारचा आहे. एका दिवसापुरतं त्यात आंबेखोल परत वसणार आहे, आणि ते पुढाऱ्यांच्या टाळ्यांत वसणार आहे. मला आडवं पडून जे जमलं नाही ते आक्कांनी सत्काराला हो म्हणून केलं. हे लिहिताना मला थोडा राग येतोय, माझाच.

बाकीचे गेल्यावर मी विचारलं, "गाव कुणाला दाखवणार? सध्या नवी सून कुठं आहे कुणाच्या घरात?"

"तुझ्या त्या पोरीला म्हन, घागर घिऊन ये."

"आक्का, लग्न कुठं झालंय? तिचा बाप तर..."

"गाव तरी कुठं हाय? नसल्याल्या गावाला नसल्याली सून चालती."

"आणि तिच्या वडिलांनी परत तसंच विचारलं तर?"

"हालमदी बसवू की त्यास्नी. बघू द्या गाव कुठं आलं."

मी तिला विचारलं. ती म्हणाली, "घागर तांब्याची लागते की स्टीलची चालते?" हा होकार आहे की नाही, मला अजून समजलेलं नाही. आक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काय बी चालती. रिकामी नको." त्यांना ती शाम्याची घागर आठवली असणार, कारण लगेच हसल्या.

हा ग्रंथ छापायला जातो आहे तेव्हा तो दिवस अजून यायचा आहे. तुमच्या हातात पडेल तेव्हा तुम्ही त्याच हॉलमध्ये असाल. ती आली आहे की नाही ते तुम्हाला दिसत असेल, मला आत्ता दिसत नाही. धोंडूबांच्या घराच्या दारात स्वागताला कुणी नाही, म्हणून तिथं मी उभा असेन. आली तर बरं. नाही आली तर आक्का मला ओळीतून कान धरून नेतील, पहिल्या दिवशी नेलं तसं, आणि म्हणतील बस. मी बसेन. पण आक्कांनी पुढच्या वर्षी गाव परत मांडायचं आहे, आणि त्याच्या पुढच्या वर्षी.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्याची प्रार्थना करतात. मला प्रार्थना जमत नाही, मागणी जमते. आक्का, तुमचे गुडघे दुखतात ते दाखवून घ्या, शेळी दुसऱ्या कुणाला तरी द्या, पहाटे थंड पाण्यानं आंघोळ बंद करा. तुम्ही शंभर वर्षं राहायचं आहे. मोडकी पायरी कुठं आहे ते अजून आम्हाला न चुकता सांगता येत नाही, आणि माझ्या लग्नाला तुमच्याशिवाय ते पाणी घरात येणार नाही.

आणि तुम्ही, जे हे वाचता वाचता हॉलच्या दारापर्यंत आला असाल. आत घरं आहेत. चपला बाहेर काढा.